डेझ फाँटनोची स्वस्त सही

१

चोरी झाली की ज्याचं गेलं तो ओरडतो. इथे वर्षाला दोन कोटी चाळीस लाख डॉलर गेले होते, आणि ज्याचे गेले तो माणूस मंगळवारी दुपारी पोर्ट कॅलडरच्या क्लबात छायाचित्रकारांसमोर हसत उभा होता. ओरडत होते ते लीगमधले बाकीचे सगळे संघ.

डेझ फाँटनो हा फोर्जमेन या अमेरिकन फुटबॉल संघाचा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू हाताने फेकून डाव चालवणारा मुख्य खेळाडू. त्या वर्षी त्याच्या तोडीचा खेळाडू बाजारात दुसरा नव्हता. त्याचा भाव साडेपाच कोटी, असं लहान मूलही सांगत होतं. त्याने सही केली तीन कोटी दहा लाखांवर.

यात कुणाचं काय बिघडलं, असं बाहेरच्याला वाटेल. पण लीगमध्ये प्रत्येक संघाच्या पगाराच्या खर्चाला एकच कमाल मर्यादा असते. जो संघ हिरा काचेच्या भावात घेतो, त्याच्याकडे बाकीचे खेळाडू घ्यायला पैसे उरतात. उरलेली रक्कम मालकाने गुपचूप दुसऱ्या वाटेने खेळाडूच्या खिशात टाकली, तर या खेळात त्याहून मोठी लबाडी नाही.

लीगचे प्रमुख हॉलिस क्रेन यांनी थर्मन बीडलला बोलावलं. बीडल बावीस वर्षं मैदानात पंच होता. गुडघा गेल्यावर तो लीगचा चौकशी अधिकारी झाला.

"शुक्रवारी सकाळपर्यंत मला कारण हवंय," क्रेन म्हणाले. "पटेल असं कारण. नाही मिळालं, तर पैसे टेबलाखालून गेले असंच मी धरणार. फाँटनो हंगामभर बाहेर."

"पुराव्याशिवाय?"

"दोन कोटी चाळीस लाख कुणी उगाच सोडतं का, थर्मन? तू सोडशील?"

"मला कुणी दिलेच नाहीत," बीडल म्हणाला आणि कोट उचलला.

खेळाडूची चूक दाखवायला पंचाने मैदानात पिवळा रुमाल टाकायचा तर गुन्हा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेला हवा, हे तो बावीस वर्षं पाळत आला होता. क्रेनसाहेबांचा रुमाल मात्र आधीच हवेत होता.

२

डेझचा एजंट लायोनेल प्रिचेट तळ्याकाठच्या एका खाणावळीत तळलेल्या माशाच्या ताटासमोर बसला होता. मासा तसाच होता.

"माझी टक्केवारी किती बुडली ते विचारू नका," तो म्हणाला. "मी त्याच्यासमोर अक्षरशः गुडघे टेकले. म्हटलं, बाबा, तुला डोकं आहे ना जागेवर? हसला. म्हणाला, लायोनेल, ऊठ, पँट मळेल."

"फोर्जमेनच्या मालकिणीने तुम्हाला काही देऊ केलं?"

"मला? कॉर्डेलिया हायट कुणाला कॉफी पाजत नाही." प्रिचेटने काट्याने माशाला नुसतंच टोचलं. "आणि ही पहिली वेळ नाही हो. दोन वर्षांपूर्वीची ती दाढी आठवते?"

बीडलला आठवत होती. अख्ख्या देशाला आठवत होती. छातीपर्यंत आलेली काळी दाढी, तिच्या तेलाच्या जाहिराती, गॅलरीत खोट्या दाढ्या लावून बसलेली पोरं.

"तेलवाले वर्षाला चाळीस लाख देत होते. एका सकाळी हा गुळगुळीत होऊन आला. करार रद्द! का काढलीस विचारलं, तर म्हणे उकडतं. पोर्ट कॅलडरमध्ये, नोव्हेंबरात, उकडतं!"

"बायकोला आवडत नसेल."

"ती आठवडाभर रडली. तिलाच तर आवडायची." प्रिचेट पुढे झुकला. "मी काही बोललो नाही असं समजा. पण स्टेडियमसमोरची सगळी जमीन हायटबाईंची आहे. आणि डेझच्या मेहुण्याने गेल्या महिन्यात तिथेच दुकानाची जागा घेतलीय."

३

कॉर्डेलिया हायट सत्तरीची होती. तिच्या वडिलांची ओतशाळा बंद पडली तेव्हा तिने पोलाद विकून फुटबॉल संघ घेतला होता, आणि लोकांशी ती अजूनही पोलादाचा सौदा असल्यासारखीच बोलायची.

"मेहुण्याला जागा फुकट दिली, असं म्हणायचंय का तुम्हाला?"

"मला काही म्हणायचं नाही. विचारतोय."

"त्याने पूर्ण भाव दिला, वर माझ्याशी भांडला. पलीकडच्याला स्वस्त का दिली म्हणून. पलीकडचा माझा भाचा. त्यालाही महागच दिली होती." तिने फोन बीडलकडे सरकवला. "बँकेला विचारा."

बीडलने विचारलं. जागेचा भाव पूर्ण होता, कर्ज खरं होतं, व्याज तर चढंच होतं. क्लबाचे आणि हायटबाईंच्या कंपन्यांचे व्यवहार लीगच्या हिशेबनिसांनी आधीच चाळून काढले होते. कुठेही छिद्र नव्हतं.

"मग त्याने स्वस्तात सही का केली, बाई?"

तिने फोन परत ओढला. "त्याची एक अट होती. त्याला स्वतःला एक पैसाही त्यातून मिळत नाही. नियमात बसते, माझ्या वकिलाने तपासलीय. पण कुणाला सांगणार नाही असा मी शब्द दिलाय."

"तो हंगामभर घरी बसेल."

"मग त्याने मला शब्दातून मोकळं करावं. मी आपणहून मोडणार नाही."

बीडल दारापर्यंत गेला आणि वळला. "अट पुरी केलीत?"

"त्याच दिवशी. संध्याकाळ व्हायच्या आत."

गाडीत बसून बीडलने मंगळवारच्या बातम्या पुन्हा काढल्या. क्लबाने त्या दिवशी आणखी एकच घोषणा केली होती. डेझच्या बातमीखाली ती दोन ओळींत दडपली गेली होती. सेंटर गस ट्वेटन, वय चौतीस, आणखी तीन वर्षं संघात. पगाराची पूर्ण हमी.

चौतीस वर्षांच्या सेंटरला तीन वर्षांची पूर्ण हमी कुणीच देत नाही.

४

"पंच!" डेझ फाँटनो व्यायामशाळेतून घाम पुसत आला. "तुम्ही माझ्यावर एकदा रुमाल टाकला होतात. चुकीचा होता."

"बरोबर होता."

"बरोबर होता," डेझने हसून मान्य केलं. त्याचा चेहरा इतका तुळतुळीत होता की दिवसातून दोनदा दाढी करत असावा. "विचारा. पैसे माझे, मर्जी माझी. जितके मिळतायत तेवढ्यात माझी नातवंडंसुद्धा आळशी होतील. चांगला संघ हवा होता, म्हणून जागा मोकळी केली. झालं?"

"हे उत्तर सगळेच देतात. कुणी एवढं सोडत नाही. मोकळ्या झालेल्या पैशात नवे खेळाडू आले असते, तर क्रेनसाहेबांनी मानलंही असतं. पण त्यातला मोठा वाटा एका म्हाताऱ्या सेंटरवर गेला."

डेझचं हसू मावळलं.

"सेंटरचं काम काय?" बीडल शांतपणे म्हणाला. "वाकायचं, चेंडू दोन पायांमधून मागे तुझ्या हातात द्यायचा, आणि समोरचा दीडशे किलोंचा माणूस तुझ्यापर्यंत पोहोचू द्यायचा नाही. याहून निम्म्या पैशात पंचविशीचे दहा मिळतील. गसच का?"

"गसला यात ओढू नका."

"तू सांगितलं नाहीस तर तुझा हंगाम जाईल."

"जाऊ दे."

"डेझ, तू काही गुन्हा केलेला नाहीस, हे मला दिसतंय."

"मग मला घरी बसवा आणि विषय संपवा." त्याने टॉवेल खांद्यावर टाकला. "त्याच्या घरी जायचं नाही, पंच. हात जोडतो."

बीडलने आयुष्यभर शिक्षा टाळण्यासाठी खोटं बोलणारे खेळाडू पाहिले होते. शिक्षा मिळावी म्हणून गप्प बसणारा हा पहिलाच.

५

गुरुवारी सकाळी बीडल क्लबाच्या चित्रफितींच्या खोलीत बसला. हिशेबात काही नव्हतं, माणसं बोलत नव्हती. उरलं होतं मैदान, आणि तिथे तरी त्याच्या डोळ्यांना कुणी फसवू शकत नव्हतं.

त्याने गेल्या हंगामातला एक घरचा सामना लावला, आवाज बंद ठेवून. गस चेंडूवर वाकला. डेझ मागे उभा राहिला. गसच्या शेजारी वाकलेल्या गार्डने, त्याच रांगेतल्या खेळाडूने, मान वळवून डेझकडे पाहिलं. डेझने पाय किंचित उचलला. गार्डने गसच्या मांडीवर थाप मारली. गसने एकदा मान हलवली आणि चेंडू मागे गेला.

बीडलने कॉफीचा घोट घेतला. यात विशेष काही नव्हतं. परक्या मैदानावर सगळेच असं करतात. समोरचे प्रेक्षक मुद्दाम एवढा गोंगाट करतात की क्वार्टरबॅकची हाक दोन हातांवरच्या सेंटरला ऐकू जात नाही. मग खुणेवर चेंडू द्यायचा.

त्याने कप खाली ठेवला. हे परकं मैदान नव्हतं.

त्याने आवाज पूर्ण वाढवला. खोलीत शांतता पसरली, सत्तर हजार माणसांची. दूरवर कुठेतरी एक शेंगदाणेवाला ओरडला, तोही ऐकू आला. आपल्या संघाकडे चेंडू असताना पोर्ट कॅलडरमध्ये माणूस खोकायचासुद्धा थांबतो. शेजारचा बोलला तर त्याला कोपर बसतं. आपल्या क्वार्टरबॅकची हाक आपल्या पोरांना नीट जावी, यासाठी या गावाने आपल्या नातवंडांना गप्प बसायला शिकवलं होतं.

आणि त्या शांततेत डेझ हाक मारतच नव्हता.

बीडलने दुसरा सामना लावला, मग तिसरा. सगळ्या घरच्या सामन्यांत तेच. मग तो मागे गेला, तीन वर्षांपूर्वीच्या हंगामात. तिथे डेझ खड्या आवाजात ओरडत होता, आणि त्या आवाजावर गस चेंडू देत होता.

त्या चित्रात डेझच्या चेहऱ्यावर छातीपर्यंत दाढी होती.

बीडलने दोन्ही चित्रं शेजारी शेजारी ठेवली, मग दोन वर्षांपूर्वीच्या नोव्हेंबरचे सामने लावले. दाढी होती तेव्हा हाक होती. दाढी गेली, त्याच महिन्यात हाकही गेली.

त्याने प्रशिक्षकाला गाठलं. "घरच्या मैदानावर खुणा कशासाठी?"

"डेझची कल्पना," प्रशिक्षक म्हणाला. "हाकेच्या तालावरून समोरच्यांना अंदाज येतो म्हणे. मला पटलं. आम्ही जिंकतोय ना?"

"तुम्ही जिंकताय," बीडल म्हणाला आणि गाडीकडे निघाला. हात जोडून केलेली विनंती तो मोडणार होता.

६

गस ट्वेटन मागच्या अंगणात होता. कडेला अजून बर्फ साचलेला, तरी हा बर्फाळ मिनेसोटाचा गडी अर्ध्या बाह्यांचा शर्ट घालून निखाऱ्यांवर सॉसेज भाजत होता. फाटकाकडे त्याची पाठ होती. बर्फ बुटाखाली करकरत होता, फाटकाने किंकाळी फोडली, शेजाऱ्यांचा कुत्रा जीव तोडून भुंकत होता. गस वळला नाही.

"मिस्टर ट्वेटन, डाव्या बाजूचं जळतंय," बीडल त्याच्या पाठीमागून मोठ्याने म्हणाला.

गसने उजव्या बाजूचं सॉसेज उलटवलं आणि शीळ घालत राहिला.

बीडल वळसा घालून समोर आला. गस दचकला. मग त्याची नजर बीडलच्या ओठांवर स्थिरावली आणि तिथेच राहिली.

"कधीपासून?" बीडलने विचारलं.

गसने चिमटा खाली ठेवला. नाही म्हणायचा विचार चेहऱ्यावरून येऊन गेला.

"तीन वर्षं झाली. आधी डावा, मग उजवा. वडिलांचंही असंच झालं होतं." तो थोडा जास्तच मोठ्याने बोलत होता. "क्लबाचे डॉक्टर गुडघे बघतात, खांदे बघतात, हृदय बघतात. कानांचं कोण विचारतं? डाव ठरवताना घोळक्यात सगळे समोर असतात, ओठ वाचता येतात. पुढच्या रांगेत बचाव कसा लावायचा ते मीच ओरडून सांगतो, ऐकायचं काहीच नसतं. फक्त हाक तेवढी..."

"ती डेझने बंद केली. आणि ओठ दिसावेत म्हणून दाढी काढली."

"ते कळलं मला. चाळीस लाखांची दाढी! मी त्याला शिव्या घातल्या होत्या."

"आणि सही?"

"त्याच्या सहीचा माझ्याशी काय संबंध?"

बीडलच्या लक्षात आलं, की याला अटीचं काहीच माहीत नाही. त्याने सांगितलं. सावकाश, ओठ स्पष्ट हलवत. गसचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला. त्याने खिशातून फोन काढून दोनच शब्दांचा संदेश पाठवला. 'आत्ता ये.'

डेझ आला तो फाटकातूनच बीडलवर भडकत. "हात जोडले होते ना मी, पंच?"

"माझ्याशी बोल!" गस गरजला. "आणि इकडे तोंड करून बोल. मला वाटलं, मी चांगला खेळतो म्हणून तीन वर्षं मिळाली. तू भीक घातलीस मला?"

"भीक?"

"बहिऱ्या म्हाताऱ्याची दया आली, सरळ सांग."

डेझ त्याच्यासमोर येऊन उभा राहिला, इतक्या जवळ की नाकाला नाक लागावं.

"नीट वाच आता, म्हाताऱ्या. शिकागोला तुझा घोटा मुरगळला होता, तू दोन सामने बाहेर होतास. आठवतं? मी अकरा वेळा आडवा झालो. चार वेळा चेंडू त्यांच्या हातात दिला. माझ्याच गावातली पोरं माझ्या नावाने बोंबलत होती. समोरून कोण धावून येणार हे मला कळत नाही, गस. कधीच कळलं नाही. तू वाकतोस, मान वर करतोस, बोट दाखवतोस, आणि तिथूनच तो येतो. मला फक्त फेकता येतं."

"फेकता छान येतं," गस अजून रागातच म्हणाला.

"ते साडेपाच कोटी आहेत ना, तो दोघांचा भाव आहे. बाजाराला एकच माणूस दिसतो, म्हणून सगळे माझ्या नावावर लावतात. तू गेलास की मी दोन कोटींचाही नाही. मी काही सोडलेलं नाही. तुझं तुला दिलं."

गसने चिमटा उचलला आणि परत ठेवला.

"मग मला का नाही सांगितलंस?" गसने हळू विचारलं.

"तू घेतलं असतंस?"

"नाही."

"म्हणून."

गसने नाक ओढलं आणि निखाऱ्यांकडे पाहिलं. "पोरा, तुझ्यामुळे सगळी सॉसेजेस जळली." मग तो बीडलकडे वळला. "उद्या क्रेनसाहेबांसमोर मी येतो."

"वेडा आहेस का?" डेझने त्याचा दंड धरला. "तू लपवलंस म्हणून क्लब करार मोडेल. मी एक हंगाम घरी बसतो, तू तीन वर्षं खेळ. साधा हिशेब आहे."

"तू घरी बसलास तर मी चेंडू कुणाच्या हातात देऊ?" गस म्हणाला. "पंच, किती वाजता?"

७

क्लबाच्या सभागृहात क्रेन टेबलाच्या टोकाला बसले होते. हायटबाई, प्रिचेट आणि डेझ एका बाजूला. गसने खिडकीकडे पाठ करून खुर्ची घेतली, म्हणजे सगळ्यांच्या तोंडावर उजेड पडेल.

बीडलने क्रमाने मांडलं. एजंटचा यात तोटाच झाला होता. जमिनीचा व्यवहार चोख होता. मालकिणीकडून डेझला काहीच गेलं नव्हतं. मग त्याने दोन्ही चित्रं लावली, दाढीचं आणि बिनदाढीचं, आणि आवाज वाढवला. पोर्ट कॅलडरची ती शांतता सभागृहात भरून राहिली.

"आपली माणसं गप्प बसलेली असताना कोण हाक मारत नाही?" बीडल म्हणाला. "ज्याला ठाऊक आहे, की हाक पोहोचणार नाही."

"बाकीचं मी सांगतो," गस उठला आणि त्याने सांगितलं. आडपडदा न ठेवता, आवाज जरा जास्तच चढवून. शेवटी म्हणाला, "बाई, मी तुमच्यापासून लपवलं. करार मोडायचा तर मोडा. पण याला घरी बसवू नका."

हायटबाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. डेझने टेबलाची कड घट्ट पकडली होती.

"दोन हंगाम," त्या म्हणाल्या. "दोन हंगामांत चेंडू सुटायच्या वेळेआधी तू किती वेळा हललास?"

"एकदाही नाही, बाई."

"आणि ज्यांना कान आहेत, त्यांना मी आठवड्याला त्याच चुकीसाठी दंड करते." त्या क्रेनकडे वळल्या. "बहिऱ्या माणसाने खेळू नये असा नियम आहे का तुमच्याकडे?"

"नाही," क्रेन म्हणाले.

"साथीदारासाठी कमी पगार घेऊ नये असा?"

क्रेननी बीडलकडे पाहिलं. बीडलने नकारार्थी मान हलवली.

"नाही," क्रेन म्हणाले. "चौकशी बंद. थर्मन, अहवालात कारण काय लिहू?"

"त्याने बाजारभावच घेतला, असं लिहा. फक्त दोघांत वाटून."

प्रिचेटने डोकं दोन्ही हातांत धरलं. "गसचा एजंट कोण आहे?" त्याने बारीक आवाजात विचारलं.

"मला एजंट नाही," गस त्याच्या ओठांवरून वाचून म्हणाला.

"आता आहे," प्रिचेट म्हणाला, आणि सगळ्यांत आधी डेझ मोठ्याने हसला.

८

जानेवारीत अजिंक्यपदाच्या वाटेवरचा शेवटचा सामना परक्या मैदानावर आला. ते मैदान लीगमध्ये सर्वांत गोंगाटाचं. तिथे पाहुण्या संघांचे खेळाडू गोंधळतात, वेळेआधी हलतात, त्या चुकीसाठी मागे ढकलले जातात, हरतात.

बीडल तिकीट काढून गॅलरीत बसला होता. आयुष्यात प्रथमच त्याने कुठल्यातरी संघाची टोपी घातली होती, आणि आजूबाजूचे त्याच्याकडे खुनशी नजरेने बघत होते.

शेवटची काही मिनिटं उरली. फोर्जमेन चार गुणांनी मागे. पूर्ण मैदान ओलांडायचं होतं. ऐंशी हजार माणसं उभी राहिली आणि त्यांनी घसा फोडून आरोळी ठोकली. खुर्च्या थरथरल्या. बीडलच्या शेजारच्या बाईने आपल्या मुलाचे कान झाकले.

बीडलने खाली पाहिलं. उन्हाळाभर पुढच्या रांगेतल्या या पाच जणांनी शांत मैदानावर, खुणांवर, डोळ्यांनी सराव केला होता. बाकीच्या संघांना हा गोंगाट वर्षातून दोनदा भेटतो. यांनी आवाज नसल्यासारखं खेळणं हाच आपला रोजचा धडा करून टाकला होता.

गार्डने मान वळवली. थाप. चेंडू गेला. दहा यार्ड.

पुन्हा थाप. पुन्हा चेंडू. समोरची रांग, आपल्याच लोकांच्या आरोळीने बहिरी झालेली, एकमेकांना ओरडून काहीतरी सांगत होती आणि कुणालाच काही कळत नव्हतं. दोनदा तेच वेळेआधी हलले. गसने मान वर केली, डावीकडे बोट दाखवलं. डावीकडून एक धिप्पाड गडी धावून आला आणि गसच्या खांद्यावर आदळून थांबला. डेझ सावकाश मागे सरकला. त्याच्याकडे हवा तेवढा वेळ होता. त्याने फेकलं.

चेंडू शेवटच्या रेषेपलीकडे फोर्जमेनच्या एका पोराच्या हातात पडला, सहा गुण झाले आणि ऐंशी हजार माणसं एकदम गप्प झाली.

बीडल उठून नाचला. गुडघ्याने जोरदार तक्रार केली, त्याने ती फेटाळून लावली.

नंतर तो खाली मैदानावर पोहोचला तेव्हा डेझ गसच्या पाठीवर लटकला होता आणि दोघेही चिखलाने माखले होते. आजूबाजूला खेळाडू रडत होते, हसत होते. हायटबाई कुणाच्या तरी खांद्यावर हात ठेवून ओरडत होत्या. बीडल गससमोर जाऊन उभा राहिला, ओठ दिसतील असा.

"हे मैदान कुणालाच झेपत नाही म्हणतात," तो म्हणाला. "तुम्हाला कसं काय झेपलं?"

गसने डेझला पाठीवरून खाली उतरवलं, रिकाम्या होत चाललेल्या गॅलऱ्यांकडे एकदा नजर टाकली, आणि अगदी साळसूदपणे विचारलं,

"का? ओरडत होते का हे लोक?"